काजळीचा अंगठा

मी नववीत होते त्या वर्षी, होळीला आठ दिवस असताना, जनाआत्या शेणव्याला आमच्या घरी आली आणि तिने ओढ्याकाठचं भाताचं खाचर मागितलं. ते तिला मिळालं नाही. आपला हिस्सा तिने तीन वर्षांपूर्वीच सोडला आणि तसा कागदावर अंगठा केला, असं माझ्या वडिलांनी तिला सांगितलं. तो अंगठा तिचा नव्हता. हे दाखवणारी एकच वस्तू शिल्लक होती. ती बोटाच्या पेराएवढी होती आणि माझ्या तिकिटांच्या वहीत भाताच्या खळीने चिकटवलेली होती.

तिकिटांबद्दल आधी सांगायला हवं. इंग्रजांच्या राज्यात बराच काळ एकच तिकीट दोन कामांना चाले. पत्रावर लावलं तर ते टपालाचं, आणि पावतीवर किंवा करारावर लावलं तर तो सरकारचा कर. पत्रावरच्या तिकिटावर टपालाचा गोल शिक्का पडायचा. कागदावरच्या तिकिटाला शिक्का नसे. तिथे लिहून देणाऱ्याने अशी सही करायची की तिचा अर्धा भाग तिकिटावर येईल आणि अर्धा कागदावर, म्हणजे तेच तिकीट काढून दुसरीकडे वापरता येणार नाही. ज्याला सही येत नाही तो अंगठा द्यायचा, तोही असाच, अर्धा आत आणि अर्धा बाहेर. पुढे पावत्यांसाठी वेगळी रसीदी तिकिटं आली, पण अर्ध्या अंगठ्याची रीत राहिली. शहापूरच्या शाळेत आमचे भूगोलाचे मास्तर टपालाची तिकिटं जमवत. माझ्याकडची त्यांना दाखवायला नेली तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "राजा ठीक आहे गं, पण त्याच्या तोंडाला हे काय फासलंय? ही बाद." वर्ग हसला. बाद तिकिटं दुसरं कुणीच जमवत नाही हे त्यातून कळलं, आणि मी तीच जमवायची ठरवली. मास्तरांनी एक गोष्ट मात्र नीट शिकवली. तिकिटाखाली ते कुठून आलं ते लिहायचं. पुढे बातमीदारीत वरिष्ठांनी तेच सांगितलं तेव्हा मला ते नवीन नव्हतं.

माझी तिकिटं घमेल्यातून यायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, भातशेती करायचे आणि आठवड्यातून दोन दिवस शहापूरला कचेरीबाहेर चिंचेखाली बसून लोकांचे अर्ज लिहायचे. अक्षर वळणदार होतं. शाई निळी-काळी, पाण्याने न जाणारी, कारण कागद पावसात भिजला तरी मजकूर राहिला पाहिजे असं ते म्हणत. लोक घरातले होते नव्हते ते सगळे कागद फडक्यात बांधून त्यांच्यापुढे ठेवत. कुणाला कुठला कागद कशाचा हे ठाऊक नसे. त्यातला लागेल तो अण्णा अर्जाला टाचत, आणि उरलेले, आजोबा-पणजोबांच्या वेळचे, राजाचं डोकं असलेले, लोक तिथेच टाकून जात. वर्षभरात त्यांची गोणी भरायची. भाताची झोडणी उरकली, पेंढा रचून झाला, की अण्णा ती गोणी घरी आणून आईपुढे ठेवत आणि आई कागद भिजत घाली.

हे आमच्याकडच्या बायकांचं दरसालचं काम. तीन दिवस कागद घमेल्यात पाण्याखाली, वर दगड. मग त्यात भिजवलेली मेथी घालून सगळं उखळात कुटायचं, तो लगदा पालथ्या पातेल्यावर थापायचा आणि उन्हात ठेवायचा. चार-पाच दिवसांनी टोपली पातेल्यापासून आपोआप सुटते. ती हलकी असते, घट्ट असते आणि मेथीच्या कडूपणामुळे तिच्यातल्या तांदळाला किडा लागत नाही. त्या दिवसांत घराला एकच वास असे, मेथीचा, आणि एकच आवाज, मुसळाचा. लाकडावर लाकूड आपटल्याचा तो आवाज नव्हे. ओल्या कागदावर मुसळ पडलं की चिखलात पाय रुतल्यासारखा आवाज येतो. आई कुटता कुटता बोलत असे आणि प्रत्येक घावाला तिचं वाक्य मध्येच तुटे. दुपारी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. तिचे हात कितीही धुतले तरी भाकरीला मेथीचा कडवटपणा यायचा. मला तो आवडायचा. अजूनही कुठे मेथी भिजवलेली दिसली की तोंडाला आधी सुकटीची चव येते, मग बाकीचं आठवतं.

घमेल्यात दुसऱ्या दिवशी तिकिटं कागदापासून सुटायची आणि वर यायची. सकाळी पाहावं तर पाण्यावर पाच-सात राजे तरंगत असत, कुणी पालथे, कुणी उताणे. आई ओरडायची, "सुमे, तुजं राजं वर आलं गो. काढ बिगी बिगी, नायतर कुटून टोपलीत घालीन." मी ते चिमटीने उचलून सुपात फडक्यावर वाळत घाली. अलीकडे एका प्रदर्शनात अशाच तिकिटांचा जाणकार संग्राहक भेटला. त्याला मी माझी पद्धत सांगितली. तो म्हणाला, "बाई, ही तिकिटं कागदासकट ठेवायची असतात. तिकीट सोडवलं की कुणी, कशासाठी, कुणाला, हे सगळं गेलं." त्याने हे मला नवशिक्याला सांगावं तसं सांगितलं. माझी साठी उलटून गेली होती.

अंगठ्यांचे दोन प्रकार आहेत हे मला घमेल्याने शिकवलं. कचेरीत शाईच्या पॅडवर टेकवलेला अंगठा पाण्यात जांभळा होऊन विरघळायचा आणि राजाचा चेहरा पुन्हा स्वच्छ व्हायचा. पण गावात पॅड कुठला? घरी अंगठा घ्यायचा असला की तवा पालथा करत, बुडाच्या काजळीत तेलाचा थेंब घोळवत आणि त्यावर अंगठा दाबत. काजळीचा अंगठा पाण्याने जात नाही. तीन दिवसांनीही त्याच्या रेघा तशाच, आणि भोवती तेलाची फिकट कड. असा अंगठा म्हणजे घरात, चुलीजवळ झालेला व्यवहार. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पाहून पाहून ओळखायला शिकले होते, आणि अंगठ्यांकडे इतकं निरखून पाहणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. अण्णांच्या लेखी अंगठा म्हणजे जागा भरणारा एक डाग होता. त्याच्या शेजारी त्यांनी "हा अंगठा अमकीचा असे" असं लिहिलं की तो अमकीचा होई.

आठवीत असताना त्या घमेल्यातून एक रसीदी तिकीट मिळालं. ते राजाचं नव्हतं, अलीकडचं होतं, पण त्यावरचा काजळीचा अंगठा इतका स्पष्ट होता की मी हात घालून तो कागदच बाहेर काढला. पावती होती. अक्षर अण्णांचं. जनाबाई हिला वडिलांच्या जमिनीतल्या हिश्श्यापोटी साडीचोळी व रोख मिळून ती भरून पावली, यापुढे तिचा हक्क राहिला नाही, आणि खाली, हा अंगठा जनाबाई हिचा असे. मला त्यातलं फक्त आत्याचं नाव महत्त्वाचं वाटलं. माझ्याकडे अनोळखी लोकांचे अंगठे होते, घरातलं कुणी नव्हतं. मी तिकीट सोडवलं, कागद परत पाण्यात टाकला आणि वहीत चिकटवून खाली लिहिलं, "जनाआत्या". कागद दुसऱ्या दिवशी कुटला गेला. आईने कुटला. तिला वाचता येत नव्हतं. अण्णांनी ती पावती गोणीत नजरचुकीने टाकली की मुद्दाम, याला पुरावा नाही. त्या कागदावरून नोंद होऊन आत्याचं नाव सातबाऱ्यावरून आधीच कमी झालेलं होतं, आणि झालेल्या नोंदीचा कागद घरात ठेवून काही मिळत नाही हे अर्ज लिहिणाऱ्याला ठाऊक असतं.

जनाआत्या अण्णांची धाकटी, एकुलती बहीण. मुरबाडच्या पुढच्या गावात दिलेली. मूलबाळ नव्हतं. ती घरात आली की आवाज वाढायचा, कारण ती बोलायची मोठ्याने आणि हसायची त्याहून मोठ्याने. भाकरी ती आईच्या उलट्या बाजूने थापायची. आई म्हणायची, "वन्सं, तुमच्या हातची भाकर तव्यावर पडायच्या आधी आरशात बघून येते वाटतं." त्यावर आत्या पिठाचं बोट तिच्या गालाला पुसायची. नणंद-भावजयीचं इतकं जुळणं गावात चेष्टेचा विषय होता. आदल्या पावसाळ्यात आत्याचा नवरा गेला. तो तीन वर्षं अंथरुणाला खिळलेला होता. त्याच्यानंतर दिरांनी तिला घराबाहेर काढलं नाही, फक्त तिची चूल पडवीत मांडून दिली आणि शेतातलं धान्य आत ठेवलं.

ती सकाळच्या एसटीने, सरळगाव-किन्हवलीवरून आली. काखेत वालाच्या शेंगांचं गाठोडं होतं. पाणी प्यायली आणि ओटीवरच बसली. अण्णा पानाला चुना लावत होते. मी दाराच्या आतल्या बाजूला होते.

"दादा, मी लय काय मागत नाय," ती म्हणाली. "ओढ्याकाठचं ते एक खाचर दे. बाबा जिता होता तवाच बोलला होता, ते जनीचं. मी लावीन, मीच कापीन. एकलीच्या पोटाला पुरंल."

"जने, तुझा हिस्सा तू सोडलास. तीन वर्षं झाली."

"मी? कवा?"

"बाबांच्या वर्षश्राद्धाला आली होतीस तेव्हा. 'भरून पावले' म्हणून पावतीवर अंगठा केलास. त्यावर नोंद झाली आहे." अण्णा घरातही कचेरीच्या भाषेत बोलत.

"मी नाय केला."

"त्या वर्षी तुझा नवरा आजारी होता. दवाखान्यात, कचेरीत, जिथे सांगतील तिथे अंगठे करत होतीस. कुठला कशाचा ते सांगता येईल तुला?"

 आत्याने गाठोड्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "केला आसंल बा," ती शेवटी म्हणाली. "माजं डोकं तवा ठिकाणावर नव्हतं." मग उठून आत आईकडे आली.

बातमीदार म्हणून मी पुढे बरीच माणसं पाहिली, ज्यांच्याकडून खोटं कबूल करून घेतलं गेलं. धाक, मार, लालूच, सगळं पाहिलं. पण आपण न केलेली गोष्ट आपणच केली असेल असं माणसाने स्वतःहून मान्य करायला तीन वाक्यं पुरतात, हे मी पहिल्यांदा दाराच्या आड उभी राहून पाहिलं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. आत्याचा चेहरा उतरला आहे एवढंच दिसलं, आणि तिला हसवायला माझ्याकडे एक वस्तू आहे असं वाटलं. मी वही आणली.

ती चुलीपाशी पाय पसरून बसली होती. आई भाकऱ्या करत होती. मी पानं उलटत गेले तशी आत्या खरंच खुलली. एका राजाच्या नाकावर आडवा अंगठा होता. "ह्या मेल्याच्या नाकावर कोन बसलाय गो?" आईसुद्धा हसली. मी सांगितलं, ओढ्यापलीकडच्या म्हाताऱ्याचा, त्याने बैल विकला तेव्हाचा. "बघ वयनी, बैल इकला आनि राजाचं नाक मोडलं." मग मी म्हणाले, "आत्या, तुझा पण अंगठा आहे माझ्याकडे," आणि ते पान उघडलं.

तिने वही दोन्ही हातांत धरली आणि उजेडाकडे वळवली. बराच वेळ पाहत होती.

"हा माजा नाय."

"आत्या, कागदावर तुझं नाव होतं. मी वाचलं होतं."

"नाव आसंल. बोट माजं नाय." तिने वही खाली ठेवली, शेजारचा पालथा तवा ओढला, डावा अंगठा काजळीत फिरवला आणि तेलाच्या बुधल्याला पुसून वहीच्या पानावर, त्या तिकिटाशेजारी, दाबला. तेल जास्त झालं होतं, तरी रेघा दिसत होत्या. शंखासारख्या, एकात एक, कुठेही न तुटलेल्या. तिकिटावरच्या अंगठ्यातून एक तिरपी पांढरी चीर गेलेली होती आणि टोकाला तिला फाटा फुटला होता.

ती फाट्याची चीर मी ओळखत होते. माझ्या प्रगतिपुस्तकात, अण्णा बाहेरगावी असत तेव्हा, पालकाच्या सहीच्या रकान्यात आई अंगठा करायची. मी उठले, दप्तरातून प्रगतिपुस्तक काढलं आणि वहीशेजारी उघडून ठेवलं. मला कुणी आणायला सांगितलं नव्हतं. माझं म्हणणं बरोबर ठरतंय की आत्याचं, एवढंच मला पाहायचं होतं, आणि दोन ठसे जुळल्यावर जो आनंद संग्राहकाला होतो तो मला झाला. तो क्षणभर टिकला. मग मी वर पाहिलं. आई स्वतःच्या डाव्या अंगठ्याकडे बघत होती. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती.

"मला आतून बोलावलं," आई म्हणाली. ती आत्याशी बोलत होती, माझ्याशी नाही. "म्हनाले, रेशनचा कागद हाय, बाईमानसाचा अंगठा लागतो. मी चुलीपाशी होते. तवा होताच. केला आनि परत भाकर थापायला बसले. वन्सं, तुमच्या गळ्याची आन, मला नाय माहीत."

अण्णा दारात उभे होते. कधी आले ते कळलं नाही. त्यांनी वही, प्रगतिपुस्तक, तवा, सगळं पाहिलं. त्यांचं पहिलं म्हणणं मुद्द्याला धरून होतं. "भात कापणाऱ्या कुठल्या बाईच्या डाव्या अंगठ्याला विळा लागलेला नसतो? उजव्या हातात विळा, डाव्या हातात मूठ. या गावातल्या प्रत्येक बाईला अशी खूण सापडेल. तुझीच असेल, बुजली असेल."

आत्या हळूच म्हणाली, "मी डावरी हाय, दादा."

अण्णांनी तिकिटाकडे पुन्हा पाहिलं.

"माजा इळा डाव्या हातात. मला लागतो तो उजव्याला लागतो." तिने उजवा हात पुढे केला. अंगठ्यावर आणि पहिल्या बोटावर जुने वण होते. "इसरलास? लहानपनी जेवताना माजा डावा हात तूच बांधायचास खांबाला. आय सांगायची, आनि तू बांधायचास."

आमच्या घरात अंगठा घेताना डावा की उजवा हे कधी कुणी विचारलं नाही, कारण डावाच घ्यायचा असतो. आणि डाव्या अंगठ्यावर खूण नसलेली एकच बाई त्या घरात जन्मली होती, हे तिच्या सख्ख्या भावाच्या लक्षात राहिलं नव्हतं. मी आता हे एका वाक्यात लिहिते. तेव्हा चुलीपाशी चौघं जण होतो आणि तव्यावर भाकरी करपत होती.

मग अण्णांनी मला विचारलं, "या तिकिटाचा कागद कुठे आहे?"

"कुटला," मी म्हणाले. आईची नजर वर फळीकडे गेली. तिथे गेल्या वर्षीची टोपली होती, तांदळाने भरलेली.

अण्णांनी मान हलवली. पुढचं ते आवाज न चढवता, अर्ज वाचून दाखवतात तसं बोलले. "म्हणजे कागद नाही. कागद नाही, तर तो कुणी लिहिला हेही नाही. राहिलं एक तिकीट, आणि त्यावर एक अंगठा. खाली काय लिहिलंय ते या पोरीने लिहिलंय. जने, उद्या शहापूरला जा, फिर्याद दे. ते एकच विचारतील, अंगठा कुणाचा? आणि ज्या बाईचा आहे तिला घेऊन जातील." ते ओटीवर परत गेले. पानाचा डबा उघडल्याचा आवाज आला.

आत्या उठली नाही. तिने वही मिटली आणि माझ्या मांडीवर ठेवली. आई तोंडाला पदर लावून बसली होती. "वयनी," आत्या म्हणाली, "भाकर करपली. काढ ती. मला भूक लागलीय." आईने भाकरी काढली, तिचा करपलेला भाग खरवडला आणि तिच्यापुढे ठेवली. वालाचं बिरडं होतं. आत्या डाव्या हाताने जेवली. एरवी माहेरी ती उजव्याने जेवत असे.

दुपारच्या एसटीला निघताना आईने फळीवरची टोपली तांदळासकट तिच्या डोक्यावर दिली. आत्या नको म्हणाली नाही. मी थांब्यापर्यंत गेले. वाटेत ती ओढ्याकाठच्या खाचराशी थांबली नाही, तिकडे पाहिलंही नाही. एसटी आल्यावर कंडक्टर म्हणाला, "काय आत्ये, माहेरचं भरून आनलंस वाटतं." ती म्हणाली, "व्हय रे. भरून पावले." आणि हसली, नेहमीच्या मोठ्या आवाजात. त्यानंतर ती शेणव्याला आली नाही.

त्याच संध्याकाळी आईने माझ्याकडे ते तिकीट मागितलं. मी दिलं नाही. न्यायासाठी नाही. पुरावा जपून ठेवावा ही समज मला नव्हती. तिकीट चांगलं होतं, चारही कडा शाबूत होत्या, आणि इतका स्पष्ट काजळीचा अंगठा माझ्याकडे दुसरा नव्हता. आईने पुन्हा मागितलं नाही. फक्त म्हणाली, "मग खाली माजं नाव तरी नको लिवू." मी "जनाआत्या" खोडलं आणि तिथे काही लिहिलं नाही. वही मी शाळेत मास्तरांच्या कपाटात ठेवायला दिली. अण्णांनी ती कधी मागितली नाही. त्या वर्षीच्या प्रगतिपुस्तकात वार्षिक परीक्षेपुढचा सहीचा रकाना रिकामा आहे. आईने पुढे कुठल्याही कागदावर अंगठा केला नाही. रेशनला मला पाठवायची. मतदानाला गेली नाही. शाई लावतात म्हणून जात नाही, असं तिने शेजारणीला सांगितलेलं मी ऐकलं आहे. अण्णांशी ती बोलायची थांबली नाही, पण त्यांनी हाक मारली की आतून आधी विचारायची, "काय काम हाय?"

मी वर्तमानपत्रात गेले. शहापूर-मुरबाडच्या जमिनींच्या बातम्या बरीच वर्षं माझ्याकडे होत्या. सातबाऱ्यावरून परस्पर नावं गेलेल्या बायकांबद्दल मी लिहिलं. त्या बायका आपले कागद फडक्यात बांधून माझ्यापुढे ठेवत, आणि त्यांच्या अंगठ्यांकडे मी नीट पाहत असे. स्वतःच्या घराबद्दल लिहिलं नाही, कारण आई होती. हे कारण मी स्वतःला दिलेलं होतं आणि ते खरं होतं.

अण्णा आधी गेले, मग आई. मला भावंड नसल्याने जमीन माझ्या नावावर आली. तिकीट बाहेर काढायला त्यानंतर अडचण उरली नव्हती. आत्या मुरबाडकडे, पडवीतल्या चुलीशी, आणखी दोन वर्षं होती. त्या दोन वर्षांत मोठ्या रस्त्यासाठी ओढ्याकडच्या जमिनींची मोजणी झाली आणि ते खाचर त्यात गेलं. मोबदल्याच्या वेळी वारसांची नावं मोठ्याने वाचली गेली. माझं एकच नाव होतं. हरकत आहे का, असं तीनदा विचारण्यात आलं. पावतीवर तिकीट लावलेलं होतं. मी सही केली, अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर.

आत्या गेल्याचा निरोप मला तिच्या पुतण्याच्या बायकोने दिला. मी दहाव्याला गेले. पडवीत खुंटीला कागदाची टोपली टांगलेली होती. काठ झिजलेले होते आणि उंदराने एका जागी कुरतडलं होतं. ती मी मागून घेतली. पुतण्याची बायको म्हणाली, "घ्या की. म्हातारी त्यात शेवटपर्यंत तांदूळ ठेवायची."

टोपली आता माझ्या घरी आहे. तिकिटांची वहीही आहे. भाताच्या खळीमुळे तिला कसर लागली आणि बरेच राजे खाल्ले गेले, पण ते पान शाबूत आहे. त्यावर शेजारी शेजारी दोन अंगठे आहेत, एक तिकिटावर आणि एक कागदावर. टोपलीला उंदराने कुरतडलं आहे तिथे आतला एक तुकडा नीट न कुटलेला राहिलेला दिसतो. त्यावर निळ्या-काळ्या शाईत, अण्णांच्या अक्षरात, दोन शब्द वाचता येतात: "हिचा असे". त्याच्या आधीचं नाव कुटलं गेलं आहे.